घरदुरुस्ती, वाचकांचे प्रश्न : जुना ओटा, थोडे पैसे, तीन टप्पे

या वेळची बहुतेक पत्रे जुन्या स्वयंपाकघरांबद्दल आहेत. दर आम्ही मुद्दाम देत नाही, कारण छापून येईपर्यंत ते बदललेले असतात. मापे आणि नग देतो. ती चिठ्ठी घेऊन दोन-तीन दुकानांत विचारले की खर्चाचा अंदाज घरबसल्या काढलेल्या आकड्यापेक्षा खरा निघतो.

प्रश्न : सांगलीच्या विश्रामबागेत १९८४ सालचे घर आहे. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट. १० फुटांचा सरळ कडप्प्याचा ओटा, उंची २९ इंच. मागे फूटभर पांढऱ्या टाइल. लोखंडी पाइप आतून गंजलेत, सकाळी पहिले पाणी तांबूस येते. सगळ्या खोलीला एकच बोर्ड आहे. ओट्याखाली दारे नाहीत, पडदा लावलाय. दर वर्षी ५० हजार, अशी तीन वर्षे रक्कम काढता येईल. घरात सहा माणसे आहेत, स्वयंपाक बंद ठेवता येत नाही. मुलगा म्हणतो, आधी ट्रॉल्या करून घेऊ, निदान घर नवे दिसेल. काय करावे?

उत्तर : ट्रॉल्या सगळ्यांत शेवटी. मुलाचे मन मोडेल, पण आज ट्रॉल्या बसवल्या आणि पुढच्या वर्षी भिंतीतला पाइप फुटला, तर त्याच ट्रॉल्या काढून भिंत फोडावी लागेल. एकदा काढलेली ट्रॉली पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. जे करताना सगळ्यांत जास्त तोडफोड होते ते पहिले, जे नुसते स्क्रूवर टांगायचे ते शेवटी. म्हणजे पहिल्या वर्षी पाणी, सांडपाणी आणि वीज, दुसऱ्या वर्षी ओटा आणि टाइल, तिसऱ्या वर्षी दारे आणि ट्रॉल्या. पहिल्या टप्प्याला बहुधा पूर्ण ५० हजार लागणार नाहीत. उरतील ते दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा, तिथे कमी पडतात.

पहिला टप्पा पाण्यापासून सुरू करा. लोखंडी पाइपला तुकडे जोडत बसू नका. एक तुकडा बदलताना पाना लागला की शेजारचा गंजलेला आटा सुटतो. टाकीपासून पाऊण इंची आणि नळापाशी अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप, टाका. गिझरचे गरम पाणी येणार असेल तर साधा यूपीव्हीसी चालत नाही, उष्णतेने तो मऊ पडतो आणि सांधा सोडतो. नळ जिथे घट्ट बसतो तिथे पितळी आट्याची फिटिंग मागा. प्लॅस्टिकच्या आट्यात नळ पिळला की बारीक तडा जातो, आणि तो महिनाभराने भिंतीच्या ओलीतून कळतो.

ओट्याखालचा पाइप भिंतीत गाडू नका, क्लॅम्प लावून उघडाच ठेवा. तिथे तो कुणाला दिसत नाही, झिरी पाडण्याची मजुरी वाचते आणि गळाला तर हाताने चाचपून कळतो. भिंतीत जाईल तो फक्त ओट्याच्या वर नळापर्यंत चढणारा दोन फुटांचा तुकडा. तो बुजवण्याआधी टेस्ट पंप लावून पाइप रात्रभर दाबाखाली ठेवायला सांगा. काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर गिलावा करू द्यायचा नाही. गवंडी दारात उभा असला तरी नाही.

सांडपाण्याची नळी किमान दोन इंची हवी. उतार फुटाला पाव इंच, म्हणजे बाहेरचे चेंबर ८ फुटांवर असेल तर पाइपाचे दुसरे टोक २ इंच खाली. आपल्याकडे रश्श्याचे तेल आणि चटणीचा गाळ रोज बेसिनमध्ये जातो. दीड इंची, जेमतेम उताराच्या नळीत तो थंड होऊन चिकटतो, आणि मग दर दोन महिन्यांनी तार घालायची वेळ येते. वळणावर एक काटकोनी एल्बो लावण्यापेक्षा ४५ अंशांचे दोन लावा, आणि एका वळणावर झाकणाचा डोअर बेंड ठेवा. हा छोटा नग प्लंबर हमखास विसरतो.

आता वीज. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० आणि मिक्सर ७५०. तिन्ही एकदम चालले तर सुमारे १७ अँपिअर ओढतात. जुन्या एकाच बोर्डाच्या वायरीवर ते टाकायचे म्हणजे वायर भिंतीच्या आत तापत राहणार. मुख्य बोर्डापासून स्वयंपाकघराला तीन वेगळ्या लाइन घ्या. इंडक्शन-ओव्हनसाठी ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारी कळ), फ्रीज-मिक्सरच्या प्लगांसाठी २.५ चौरस मिमी आणि १६ अँपिअर, दिवे-पंख्यासाठी १.५ चौरस मिमी आणि ६ किंवा १० अँपिअर. तुमच्या १० फूट ओट्यावर १६ अँपिअरचे दोन आणि ६ अँपिअरचे तीन प्लग पुरतील. त्याशिवाय फ्रीजला स्वतंत्र, पाण्याच्या फिल्टरला एक, आणि चिमणी आज घ्यायची नसली तरी तिच्यासाठी जमिनीपासून ७ फुटांवर एक पॉइंट काढून ठेवा. प्लग ओट्याच्या वर ८ ते १२ इंचांवर असावेत, बेसिन आणि शेगडीच्या बरोबर मागे कधीच नकोत.

झिरी सरळ उभी किंवा सरळ आडवी. तिरकी झिरी पाडली की पाच वर्षांनी खिळा ठोकणाऱ्याला आत वायर असल्याचा अंदाज येत नाही. अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्या, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारी कळ) बसवा. अर्थिंगशिवाय आरसीसीबी उडतो खरा, पण बिघडलेल्या मिक्सरला कुणाचा तरी हात लागल्यावर. अर्थिंग असेल तर तो हात लागायच्या आतच उडतो.

या टप्प्यानंतर भिंतीवर गिलाव्याचे पट्टे दिसतील. वर्षभर तसेच राहू द्या, चुन्याचा हात मारला तरी चालेल. या वर्षभरात दुसरी एक गोष्ट कळते, भिंत कुठे ओल धरते ती. खालच्या फूट-दोन फुटांत पांढरी पूड सुटत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर तिथला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा. ओल्या भिंतीवर टाइल लावली की ओल थांबत नाही, टाइलच्या वरच्या कडेतून बाहेर पडते.

दुसरा टप्पा ओट्याचा. उंची ठरवताना सुताराला किंवा मिस्त्रीला विचारू नका, जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला घरातल्या चपला घालून सरळ उभे करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. सव्वापाच फुटांच्या आसपास उंची असेल तर उत्तर बहुधा ३३-३४ इंच येईल. शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच असते, त्यामुळे शेगडीपुरता भाग दोन इंच खाली ठेवता आला तर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा भरून येत नाही. २९ इंचांच्या ओट्याने इतकी वर्षे कंबर दुखली असेल, हा खर्च वाचवू नका.

इथे एक फाटा आहे. फक्त इंचभर उंची हवी असती, तर जुन्या कडप्प्यावरच ग्रॅनाइट चिकटवता आले असते. २० मिमी ग्रॅनाइट आणि खालचा मसाला मिळून साधारण इंचभर होतो. पण तुम्हाला चार-पाच इंच हवेत, म्हणून वरचा कडप्पा उतरवून उभ्या फळ्या नव्याने मांडाव्या लागतील. उतरवलेला कडप्पा राडारोड्यात टाकू नका. तडा नसेल तर त्याच्याच आतल्या फळ्या आणि उभे आधार कापून निघतात. आधार दर दोन-अडीच फुटांवर हवेत. २० मिमी ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरते. तुमच्या १० बाय २ फूट ओट्याचे १०० किलो झाले, त्यावर कुणीतरी माळ्यावरचा डबा काढायला चढणार, ते वेगळेच.

ग्रॅनाइटचा सांधा बेसिनच्या जागी येऊ देऊ नका. बेसिनच्या कापाशेजारी दगड आधीच अरुंद असतो. पुढच्या कडेला खालून पाणपट्टीची खाच पाडून घ्या, नाहीतर ओघळलेले पाणी खालच्या दारांवर उतरत राहते. बेसिन २४ बाय १८ इंच, ८-९ इंच खोल घेतले तर कुकर आणि कढई आडवी बसते.

फरशी बदलायचा विचार असेल तर ओट्याच्या उभ्या फळ्या बसण्याआधी. ती मोझॅकची असेल आणि कुठे दबली नसेल तर घासून पॉलिश करून घेणे हाच शहाणपणा. नवी टाइल वर चढवली की खोली अर्धा इंच उचलली जाते, दार घासते आणि उंबऱ्याशी ठेच लागते.

टाइल ओटा बसल्यावर, ओट्यापासून वर. १२ बाय १८ इंचांची टाइल आडवी लावली तर दोन फूट उंचीसाठी दोन ओळी, ओळीला सात, म्हणजे १४. फुटतुटीला धरून १६ घ्या, आणि दोन माळ्यावर जपून ठेवा, कारण तीच छटा पुढच्या वर्षी मिळत नाही. जुन्या टाइल काढण्याआधी रुपयाच्या नाण्याने प्रत्येकीवर टिचकी मारा. भरीव आवाज येत असेल तर वरचा चकचकीतपणा ग्राइंडरने खरवडून, जुन्या टाइलवर लावण्याचा खास अॅडहेसिव्ह वापरून त्यावरच नवी लावता येते. २० किलोची एक गोणी ४० ते ५० चौरस फुटांना पुरते. पोकळ वाजणारी एकही ठेवायची नाही, ती सुटताना वरची घेऊन पडते. टाइल आणि ग्रॅनाइटच्या कोपऱ्यात सिमेंट नको, सिलिकॉन भरा. दोन्ही वेगळ्या चालीने हलतात, सिमेंटला भेग पडते.

या टप्प्यात आठ-दहा दिवस ओटा नसेल. मागच्या पडवीत टेबल मांडा. शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर, सिलिंडर उभा, नळी दीड मीटरच्या आत आणि आयएसआय खुणेची, जोड देऊन लांबवलेली नाही. हे दिवस गौरी-गणपतीच्या किंवा सांडगे-पापडाच्या मध्ये येणार नाहीत असे बघा. दिवाळी उरकली की लगेच, हा आमच्या मते सांगलीत सगळ्यांत चांगला काळ. भट्टीसारखे ऊन नसल्याने गिलाव्याला पाणी मारणे सोपे जाते.

तिसऱ्या टप्प्याबद्दल थोडेच. माप ग्रॅनाइट बसल्यावरच घ्यायचे. सगळ्या खणांना ट्रॉल्या नकोत. चमच्यांची एक, ताटे-वाट्यांची एक, पातेल्यांची एक एवढ्या तीन करा, बाकीच्यांना साधी दारे लावा. ट्रॉलीत पैसा चॅनेल (ट्रॉली जिच्यावर सरकते ती पट्टी) आणि जाळीला जातो. वर्षाची ज्वारी आणि चटणीच्या बरण्या ट्रॉलीत घालायच्या नाहीत. साधे टेलिस्कोपिक चॅनेल ३५-४५ किलोचे असते, आणि तेही ट्रॉलीच्या वजनासकट. धान्याची कोठी जमिनीवरच, चाकांच्या पाटावर ठेवा. सिलिंडरच्या खणाच्या दाराला तळाशी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साठतो, वरच्या जाळीतून तो बाहेर पडणार नाही.

प्रश्न : आमच्या काळ्या ओट्यावर लिंबू पडले की पांढरट डाग पडतो, पुसून जात नाही. आणि टाइलच्या पांढऱ्या सांध्यांत हळद बसली आहे, साबण लावला तर लालच होते. — कुपवाड

उत्तर : तुमचा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर त्याला खातात. तो डाग नव्हे, पॉलिशचा थर गेलेला आहे. तो पुसून येणार नाही, पुन्हा पॉलिश करावे लागते. शहाबादी फरशीचेही तेच. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. म्हणून दगड घेताना दुकानदाराकडून एक तुकडा मागून त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाचे चार थेंब दहा मिनिटे ठेवा. दुसरी परीक्षा म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेला पांढरा बोळा घासून बघायचा. बोळा काळा झाला तर दगडाला रंग दिलेला आहे, तो घेऊ नका.

हळदीचे म्हणाल, तर सांगलीत हळदीशिवाय घर नाही, पण पांढरा सिमेंटचा सांधा आपल्या स्वयंपाकघरासाठी नाहीच. तो सच्छिद्र असतो, रंग आत ओढतो. हळद साबणाने किंवा सोड्याने लाल होते, स्वच्छ पाण्याने धुतली की पुन्हा पिवळी. ऊन पोहोचत असेल तर डाग आपोआप फिका होतो, पण ओट्यामागे ऊन कुठून येणार? शेगडी आणि बेसिनमागचे सांधे दोन-तीन मिमी खोल खरवडून त्यात राखाडी इपॉक्सी (रंग आत न ओढणारा रेझिनचा भराव) भरा. काम करणाऱ्याने टाइलवर पसरलेला इपॉक्सी ओला असतानाच पुसला पाहिजे. वाळल्यावर तो निघत नाही आणि टाइल कायमची धुरकट दिसते. म्हणून एका वेळी पाच-सहा चौरस फूटच करायला सांगा.

प्रश्न : सांगलीच्या गावभागात घर आहे. २०१९ च्या पुरात ओट्याच्या वर पाणी होते, २०२१ ला पुन्हा उंबरा ओलांडला. प्लायच्या ट्रॉल्या फुगून फेकाव्या लागल्या. आता पुन्हा खर्च करावा की नाही, हेच कळत नाही.

उत्तर : करा, पण पाणी पुन्हा येणार असे धरून करा. पुरातून जे टिकले त्याची आठवण काढा : कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल, स्टीलची मांडणी. खालच्या खोलीत एवढ्यावरच थांबा. ओट्याखाली कडप्प्याचे खण, त्यांना अॅल्युमिनियम सेक्शनची दारे, आणि बिजागरी अशी की दार वर उचलले की निघून हातात येते. नदीची पातळी वाढू लागली की अर्ध्या तासात दारे माळ्यावर गेली पाहिजेत. खणात ट्रॉलीऐवजी सुटे स्टीलचे क्रेट ठेवा. चॅनेल लावायचेच असेल तर गाळ गेल्यावर त्याच्या गोळ्या अडकतात आणि ते बदलावे लागते, हे धरून चला.

२०१९ ची रेषा भिंतीवर अजून ओळखू येत असेल. मुख्य बोर्ड तिच्या वर न्या. वायरी छतातून खाली उतरवा, जमिनीलगत नको, आणि खालच्या मजल्याला स्वतंत्र एमसीबी ठेवा. पाण्यात बुडालेले स्विच, प्लग आणि एमसीबी वाळवून परत वापरायचे नाहीत. कळ चालू झाली तरी आतला गाळ आणि गंज महिन्या-दोन महिन्यांनी दगा देतो. वायरी ठेवायच्या की ओढून काढायच्या, ते वायरमनने मेगर (वायरीचे आवरण तपासायचे यंत्र) लावून ठरवावे, नजरेने नाही.

रस्त्यावरून पाणी यायच्या आधी ते बेसिनच्या आणि मोरीच्या भोकातून वर येते. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी परतू न देणारी झडप बसवून घ्या, आणि आषाढाआधी तिच्यातले केस-गाळ काढा, नाहीतर ऐन वेळी ती मिटत नाही. सिलिंडर पाण्यात तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो आधीच वर न्या.

पूर ओसरल्यावर ऑइल पेंटची घाई सगळ्यांत महागात पडते. विटांची भिंत महिनोन्महिने पाणी धरून असते, वर पेंटचा पडदा बसला की फोड येतात. एक पूर्ण उन्हाळा नुसता चुना राहू द्या.

प्रश्न : सुतार म्हणतो ७१० प्लाय घ्या, दुकानदार म्हणतो साधा वॉटरप्रूफ पुरे. आणि ट्रॉलीच्या जाळीला लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील, हे खरे का? — तासगाव

उत्तर : बेसिनखालच्या खणाला ७१० घ्या, इतर ठिकाणी बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणारा प्लाय, पुरतो. ७१० हा मरीन प्लायचा आयएस क्रमांक आहे, पानावर तो छापलेला बघा. त्याहून महत्त्वाचे, कापलेल्या चारही कडांना पट्टी लागलीच पाहिजे. मागची आणि खालची कड दिसत नाही म्हणून सुतार ती उघडी सोडतो, आणि पाणी तिथूनच शिरते. बेसिनखाली एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कोणत्याही किमतीला नको.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच खरी. घट्ट चिकटले तर ते ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलची चांगली प्रत, नाही, हे जवळजवळ नक्की. चिकटले नाही तर ते ३०४ असेल किंवा स्वस्तातले २०२, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. २०२ बेसिनखालच्या ओलीत डाग धरते. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिजागऱ्या मागवताना दार फळीच्या पूर्ण वर येणार असेल तर झिरो क्रँक (दांडीला वाक नसलेली), दोन दारे एकाच फळीवर असतील तर आठ, आणि दार आत बसणार असेल तर सोळा. कडप्प्याच्या खणांत दार बहुधा आतच बसते, म्हणजे सोळा.

प्रश्न : मिरजेत आजोबांनी बांधलेले घर आहे. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांमधली भिंत पाडून मोकळे करावे असे वाटते. गवंडी दोन दिवसांत पाडून देतो म्हणतो.

उत्तर : आधी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. गिलाव्यासह नऊ-दहा इंच किंवा त्याहून जास्त भरली तर ती वरचा भार पेलणारी धरा आणि अभियंत्याने घर पाहिल्याशिवाय तिला हात लावू देऊ नका. चार-पाच इंचांची पडदी असली तरी वरच्या मजल्यावर तिच्याच डोक्यावर भिंत उभी आहे का, किंवा तुळई तिच्यावर टेकली आहे का, ते बघा. पाडायच्या ऐवजी ओट्याच्या उंचीवर तीन फूट रुंद खिडकी काढली तरी ताटे पलीकडे देता येतात आणि उजेड येतो. वर लिंटेल (खिडकीच्या डोक्यावरची आडवी तुळई) टाकायचे, दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकवून, आणि ते पक्के होईपर्यंत खालचे टेकू काढायचे नाहीत.